सटवादादाचा सगळ्यात चांगला फोटो

मागच्या आठवड्यात लातूरच्या फोटोवाल्यांपैकी एक जण माझ्या प्रेसवर आला. सटवादादाच्या श्रद्धांजलीचा बॅनर छापायचा होता. पेनड्राइव्ह दिला, मजकूर सांगितला, साइज सांगितली आणि उठता उठता म्हणाला, “ताई, फोटो तेवढा जरा उजळून घ्या. दादा लईच काळे दिसायलेत.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काळे दिसायलेत म्हणजे? दादा काळाच होता. जन्मभर हा माणूस लोकांच्या चेहऱ्याला हात लावू नका म्हणून जगाशी भांडला, आणि आता त्याला उठून शिव्या देता येत नाहीत म्हणल्यावर त्याच्याच धंद्यातले लोक त्याच्या तोंडाला पावडर फासायला निघाले. मी पेनड्राइव्ह काढून त्या माणसाच्या हातात ठेवला आणि म्हणलं, दुसरीकडं छाप. तो पायऱ्या उतरला तेव्हा लक्षात आलं की दुसरीकडं हे लोक खरंच दादाला गोरा करतील. मग हाक मारून परत बोलावला आणि फोटो होता तसा छापून दिला.

मी लातुरात फ्लेक्सची प्रेस चालवते. बाहेरची कामं आमचे हे बघतात, मशीन आणि गिऱ्हाईक माझ्याकडं. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली. लातूरचा माणूस मरेपर्यंत दोन-चारदा तरी माझ्या मशीनमधून जातो. जूनमध्ये तर विचारूच नका. निकाल लागला की ह्या क्लासचे गुणवंत, त्या कॉलेजचे गुणवंत, आणि कधी कधी एकच पोरगं तीन क्लासच्या बोर्डावर तीन तऱ्हेनं हसत असतं. ह्या सगळ्या गर्दीत सटवादादानं काढलेला चेहरा मला लांबून ओळखू यायचा. तो चेहरा कुणाचा तरी वाटायचा, बाकीचे नुसते बोर्डाचे वाटायचे.

दादाचं पूर्ण नाव सटवाजी पाईकराव. गाव हदगाव तालुक्यातलं, स्टुडिओ नांदेडला वजिराबादेत. लातूरच्या कॉलेजांची कामं मिळायला लागली तेव्हापासून महिन्यातून तीन-चारदा सकाळच्या एस्टीनं यायचा. कॅमेऱ्याची बॅग कधी वर ठेवायचा नाही, मांडीवर घेऊन बसायचा, आणि तिकिटावरून, खिडकीवरून, शेजारच्याच्या कोपरावरून भांडत भांडत अहमदपूर, चाकूर करत लातूरला उतरायचा. माझ्या प्रेसवर येईस्तोवर त्याचं निम्मं भांडण झालेलं असायचं, उरलेलं माझ्याकडं. चहा गार आला की चिडायचा, गरम आला तरी चिडायचा. फोन वाजला की म्हणायचा, “जयभीम, बोला, लवकर बोला.” समोरचा लवकर बोलला तर म्हणायचा, “हळू बोला की, गाडी सुटायली का तुमची?”

त्याच्या रागाचा मला त्रास व्हायचा नाही, कारण मीही काही गोगलगाय नाही. आमचे हे म्हणायचे, तुम्ही दोघं एका खोलीत बसला की मशीन तापायला लागतं.

गोरं करणं हा त्याचा सगळ्यात मोठा वैरी. त्याच्या स्टुडिओत एकदा एक बाई लेकीला घेऊन आली. पोरगी लग्नाची, सावळी, नाकीडोळी नीटस. फोटो काढून झाल्यावर बाई म्हणाली, जरा गोरा करा, पाहुणे बघायला येणार आहेत. दादानं तिला विचारलं, पाहुणे फोटोसंग लगीन लावनार हायेत का पोरीसंग? बाई हटेना. तेव्हा दादा म्हणाला, “सटवाईनं सहाव्या रात्री इचार करून लिव्हलं. आन् तुमी सकाळी उठून पुसायला निघाल्या.” बाई तरातरा उठून गेली आणि समोरच्या स्टुडिओत जाऊन लेक गोरी करून आणली. पुढं पाहुणे आले, फोटो हातात धरून पोरीकडं बघितलं आणि म्हणाले, ही थोरली का? फोटोतलीला बोलवा की. ही गोष्ट ऐकून सगळे हसायचे. दादा कधी हसला नाही. त्या पोरीला त्या वेळी कसं वाटलं असंल, एवढंच तो रागानं विचारायचा.

फोटो काढायची त्याची तऱ्हाही उलटी होती. स्माईल हा शब्द त्यानं कधी उच्चारला नाही. रेडी म्हणला नाही, एक-दोन-तीन म्हणला नाही. माणूस तयार झाला की त्याचा फोटो मेला, असं त्याचं म्हणणं. तो समोर बसायचा, कॅमेरा मांडीवर ठेवायचा आणि माणसाला चिडवायचा. कुणी फसवलं तुला, ते सांग. घरात कोन कटकट करतं? माणूस बोलता बोलता पेटला की ह्याचं बोट दाबलं जायचं. “हसरं तोंड समदे देतेत,” म्हणायचा. “रागाचं तोंड निस्तं घरच्याला दिसतं. मला ते पायजे.” नांदेडच्या स्टुडिओत भिंतभर असे चेहरे होते. भांडणारी भाजीवाली, तावातावानं बोलणारा पोस्टमन, तोंड फुगवून बसलेली नवरी. आत शिरलं की आपणच काहीतरी केलंय असं वाटायचं.

माझ्या प्रेसमध्ये एकदा एक भावी नगरसेवक आले. पांढरे कपडे, हात जोडलेले, वाढदिवसाचा बॅनर पाहिजे. दादा योगायोगानं बसलेला होता. फोटो तोच काढणार म्हणल्यावर साहेब खूश झाले. दादानं कॅमेरा मांडीवर घेऊन सहज विचारलं, तुमच्या गल्लीत नळाला पानी कवा आलतं? आता लातुरात हा प्रश्न म्हणजे काय ते लातूरकराला सांगायला नको. साहेबांचे जोडलेले हात सुटले, बोट वर झालं, पाण्याला मी काय करू, मी काय निवडून आलोय का, असं सुरू झालं, आणि दादानं काम उरकलं. साहेब म्हणाले, हा फोटो आत्ताच्या आत्ता पुसा. पुसेपर्यंत बरोबर आलेली त्यांची म्हातारी आई पुढं झाली. कॅमेऱ्यात डोकावून म्हणाली, हाच माझा लेक, घरात असाच असतो, हा मला द्या. बॅनरवर हात जोडलेलाच गेला. पण म्हातारीच्या देवघराशेजारी बोट उगारलेला लेक टांगला गेला.

आता त्या संस्थेकडं येते. नाव घेत नाही, मला लातुरातच राहायचंय. शहराबाहेर मोठा कॅम्पस, अकरावी-बारावी, हॉस्टेल, मेस, आणि गेटवर पोरांच्या आधी बोर्ड दिसतात. संस्थाचालकांना सगळे साहेब म्हणतात, मीही तेच म्हणते. दादाला वर्षाची सगळी कामं तिथून मिळायची. माहितीपत्रक, गॅदरिंग, वर्गांचे ग्रुप फोटो.

ग्रुप फोटोला एकदा साहेब यायला उशीर झाला. पोरं उन्हात रांगा करून उभी, पहिल्या रांगेत रिकाम्या खुर्च्या. दादानं पोरांना सरळ झाडाखाली बसायला पाठवलं. साहेब आले, मधल्या खुर्चीत बसले, आणि तेव्हा कुठं दादा पोरांना उंचीप्रमाणं लावायला लागला. ह्याला पुढं घे, त्याला मागं, तू चष्मा नीट कर. साहेब एकटे खुर्चीत तापत बसले. कुणीतरी घाई कर म्हणलं तर दादा म्हणाला, पोरं मघाशी उभी होती की उन्हात, तव्हा कुठं होता तुमी? त्या वर्षीच्या ग्रुप फोटोत सगळी पोरं नीट आहेत आणि साहेबांच्या कपाळाला आठ्या आहेत. तरी पुढच्या वर्षी त्यालाच बोलावलं. साहेबाला माणसं कळत नसतील, पण कुठल्या फोटोपुढं आईबाप थांबतात ते बरोबर कळत होतं.

माहितीपत्रकासाठी साहेबाची अट एकच, हसरी मुलं पाहिजेत. दादाची आणि ह्या अटीची दरवर्षी मारामारी. असंच एका हिवाळ्यात तो कॅम्पसवर गेला आणि अकरावीच्या पोरींना एकेक करून बोलवायला लागला. त्यात रेणुका नावाची पोरगी होती. हदगावकडचीच, दादाच्याच भागातली. बाप एस्टीत कंडक्टर, शेती चुलता बघायचा. पोरगी अंगानं बारकी, रंगानं दादासारखीच. दादानं नेहमीप्रमाणं तिला डिवचलं. मेसमधी काय देतेत गं खायला? पोरीनं मेसच्या वरणाचा पंचनामाच सुरू केला. वरणात डाळ शोधायला बॅटरी लागते, काल एका पोरीला एक दाणा सापडला तर आम्ही सगळ्या बघायला गेलो. सांगता सांगता स्वतःलाच हसू फुटलं, आणि ती अशी हसली की हातातलं पुस्तक खाली पडलं. दादाचं बोट तेवढ्यात दाबलं गेलं.

तो फोटो घेऊन तो माझ्याकडं आला तेव्हा गार चहाही त्यानं न भांडता पिऊन टाकला. मॉनिटरवर पोरगी मोठी करून दाखवली आणि म्हणाला, बघ मंगल, इतक्या वर्षांत हसनारं मानूस एकच घावलं. मी म्हणलं, दादा, ह्याला तुम्ही हात लावू नका आणि मीही लावत नाही. एवढं खरं हसू माझ्या मशीनमधून कधी गेलं नव्हतं.

जूनमध्ये ते बोर्डावर आलं. गावभर. चौकात, बायपासला, बसस्टँडसमोर. रेणुका हसायलीय आणि बाजूला लिहिलंय, शंभर टक्के निकालाची परंपरा.

आता शंभर टक्के निकाल कसा लागतो ते सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरतं ते कळेल. अकरावी संपली की जी पोरं जरा मागं वाटतात त्यांच्या आईबापांना बोलवायचं. गोड बोलायचं. तुमच्या पोराला इथला अभ्यास झेपत नाही, दाखला काढून घ्या, बारावीला बाहेरून बसवा. आईबाप हात जोडतात, रडतात, दाखला घेऊन जातात. उरलेली पोरं पास होणारच असतात, ती होतात. झाला शंभर टक्के. ज्या जूनमध्ये रेणुका बायपासला हसत होती, त्याच जूनमध्ये तिच्या बापाला बोलावून दाखला हातात दिला होता. हे ना मला माहीत, ना दादाला.

कळलं ते ऑक्टोबरात, आणि असं कळलं की वैऱ्यालाही कळू नये. जुने फ्लेक्स उतरवले की भंगारात जातात आणि तिथून आठवडी बाजारांत. शेतकरी ते घेऊन कापून रचलेल्या सोयाबीनच्या गंजीवर पावसासाठी झाकण म्हणून टाकतात. ऑक्टोबरात चाकूरच्या रस्त्यानं जा, गंजीगंजीवर भावी आमदार उताणे पडलेले दिसतात. रेणुकाच्या चुलत्यानं, नामदेवनं, हदगावच्या बाजारातून असाच एक घडी घातलेला मोठा फ्लेक्स घेतला. आभाळ भरून आलेलं होतं. शेतात नेऊन उलगडला, तर आत पुतणी. बैलगाडीएवढं तोंड, हसणारं.

तो फ्लेक्स घेऊन नामदेव माझ्या प्रेसवर आला, कारण खाली कोपऱ्यात माझ्या प्रेसचं नाव होतं. बरोबर रेणुका होती. नामदेव पाणी प्याला आणि त्यानं सगळं सांगितलं. गंजीवर फ्लेक्स टाकला की वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून दगड ठेवावे लागतात. त्याच्या हातात दगड होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. मी म्हणलं, उलटा टाकायचा होता ना. तो म्हणाला, “उलटा टाकला तर तोंड ओल्या शेंगात. दगडं तिच्यावरच. लेकराच्या तोंडावर दगडं कशी ठेवावी, बाई?” त्यानं घडी घातली आणि घरी आला. पाऊस झाला. सोयाबीनला गंजीतच मोड आले. गावातले लोक म्हणाले, येडा झालास का. आणि आता फ्लेक्स सगळ्यांनी बघितलेला, तर निराळंच सुरू झालं. बोर्डावर हिचा फोटो आहे आणि ही घरी कशी? हिनं काय केलं असंल म्हणून हाकललं? पळून आली का? कुणी तोंडावर बोलत नव्हतं, पण पोरगी नळावर गेली की बायका गप्प व्हायच्या.

मी दादाला फोन लावला. तो संध्याकाळच्या गाडीनं आला. फ्लेक्स फरशीवर पसरलेला होता. दादानं चप्पल बाहेर काढली आणि कडेकडेनं चालत आत आला. रेणुका त्याला एवढंच म्हणाली, “दादा, माझा फोटो उतरवा. सगळीकडून.”

“उतरवतो,” दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं साहेबाकडं गेलो. साहेबानं चहा मागवला, खुर्च्या दिल्या, फार आदरानं बोलला. असली माणसं ओरडत नाहीत, तीच तर त्यांची हुशारी. म्हणाला, फोटो संस्थेनं पैसे देऊन काढून घेतला आहे, तो संस्थेचा आहे. उलट त्या मुलीनं आनंद मानावा, तिच्यामुळं ह्या वर्षी केवढी रांग लागली. दादानं विचारलं, ती पोरगी तुमच्या कॉलेजात न्हाई, तुमीच काढली, आन् तिचा फोटो लावून पोरं भरता? साहेब हसला. म्हणाला, “पाईकराव, फोटोतली मुलगी वेगळी आणि ती मुलगी वेगळी. त्यांचा संबंध काय?”

मी उभी राहून नको ते बोलले. शिपाई धावत आला. मला वाटलं दादा टेबल उलथा करील, पण जो माणूस गार चहावरून गल्ली गोळा करायचा तो बॅग उचलून निघाला. बाहेर येऊन कॅम्पसच्या पायरीवर बसला आणि बॅगेचा पट्टा गुंडाळत राहिला. मग म्हणाला की संबंध न्हाई म्हनतो, म्हंजे आपन जल्मभर काय काढलं, मंगल?

त्यानं त्या संस्थेचं काम सोडलं. साहेबानं दोन फोन फिरवले आणि लातूरच्या बाकी कॉलेजांनीही त्याला सोडलं. चोर तो चोर, वर शिरजोर. मे महिन्यात नवीन बोर्डाची फाईल माझ्याकडं आली. तीच रेणुका, तेच हसू, गेटवर लावायला आणखी मोठी. मी छापणार नाही म्हणलं. साहेबाच्या माणसानं बरं म्हणलं आणि सकाळपर्यंत दुसरीकडून छापून आणलं. लातुरात मशीनं काय कमी आहेत का?

दादाला कळलं तसा तो पेनड्राइव्ह घेऊन आला. त्याच्याकडं त्या वर्गाचे दोन ग्रुप फोटो होते, अकरावीतला आणि बारावीतला. बारावीतला त्याच्या जागी आलेल्या फोटोवाल्याकडून मागून आणला होता. अकरावीत मागची रांग भिंतीच्या टोकापर्यंत, बारावीत मागची रांगच नाही. दोन्ही एकाखाली एक छापायचे आणि ॲडमिशनच्या दिवशी गेटसमोरच्या चहावाल्याकडं टांगायचे, खाली एक अक्षर लिहायचं नाही, असं त्याचं ठरलं. मी म्हणलं, लगेच छापते. पण दादा म्हणाला, पोरीला इचारू आधी. फोन लावला. रेणुका बाहेरून बसून बारावी पास झाली होती, चांगल्या मार्कांनी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ह्यातल्या बाकीच्या पोरांना विचारलं का? काढून टाकलेल्यांची तोंडं अजून एकदा टांगणार का तुम्ही? दादानं पेनड्राइव्ह परत खिशात घातला. मग तीच म्हणाली, राहू द्या, मीच येते.

ॲडमिशनच्या दिवशी ती सकाळी चुलत्याबरोबर आली आणि गेटबाहेर रस्त्याच्या कडेला, स्वतःच्या त्या बोर्डाखाली उभी राहिली. हातात काही नाही, तोंडानं काही नाही. वर ती हसायलीय आणि खाली ती उभी. आईबाप पोरांना घेऊन यायचे, वर बघायचे, मग खाली बघायचे. एक बाई थांबली. म्हणाली, बाई, ही तूच का गं?

“हाव, मीच,” रेणुका म्हणाली. “अकरावीनंतर काढलं मला. बाहेरून पास झाले.”

तेवढंच. विचारील त्याला तेवढंच. ना रडली, ना आवाज चढवला. वॉचमननं हटकलं तर नामदेव म्हणाला, रस्ता सरकारचा हाय. दादा समोर चहावाल्याकडं उभा होता, बॅग खांद्याला, चेन लावलेली. एक पोरगा मोबाईल काढून तिचं शूटिंग घ्यायला लागला तर दादानं त्याची मानगूट धरली. तिथं माणसं जमली, हळूहळू बोलायला लागली, काही आईबाप फॉर्म न घेताच पोराला घेऊन परत फिरले. दुपार टळली तशी आतून चार जण शिडी घेऊन आले आणि त्यांनी बोर्ड उतरवला. बायपासचाही उतरवला, बसस्टँडचाही. दुसऱ्या दिवशी तिथं दुसऱ्या कुणाची तरी पोरं हसत होती, आणि त्या वर्षीच्याही सगळ्या जागा भरल्या. खोटं कशाला सांगू. पण रेणुका उतरली होती.

मला मशीनचा एक पार्ट आणायला नांदेडला जायचंच होतं, म्हणून मी ह्या तिघांच्या परतीच्या गाडीत बसले. चुलत्या-पुतणीची हदगावची गाडी नांदेडहून होती. वाटेत दादा एवढा बोलला की मी त्याला तसा कधी बघितला नाही. कंडक्टरशी चक्क गोड बोलला. गाडीला वेळ होता तर म्हणाला, चला, स्टुडिओत चहा घेऊन जा, पोरीनं माझा स्टुडिओ कुठं बघितलाय.

दादानं शटर वर केलं, लाईट लावली. ते सगळे रागीट चेहरे भिंतीवर होते. आणि मधोमध, दारातून आत शिरणाऱ्याला पहिला दिसावा असा, लाकडी फ्रेममध्ये, काच लावून, रेणुकाचा फोटो. ह्या सगळ्या भांडखोरांच्या मध्ये ती एकटी हसत होती. मी तिथं किती वेळा गेले असेन. मला काही वाटलं नव्हतं.

रेणुका दारातच थांबली. आत आली नाही.

“सगळीकडून म्हनले होते मी,” ती म्हणाली.

दादाला आधी कळलंच नाही. मग कळलं. आगं, ही काय जाहिरात हाय का, तो म्हणाला, इथं कोन शंभर टक्के लिव्हलंय? हितं लोक बघून खूश होतेत. दादाचा आवाज चढला. तुझ्यापायी माझं लातूर बंद झालं, तुझ्यापायी मी सायबाच्या दारात गेलो, आन् आता माझ्याच भिंतीवर तू मला शिकवती का? नामदेव पोरीला म्हणाला, असू दे बाई, दादा आपले हायेत. ती हलली नाही. दादा फ्रेमवर हात ठेवून म्हणाला, “पन्नास वर्स फोटो काढले. ह्यो माझा सगळ्यात चांगला फोटो हाय. ह्यो माझा हाय.”

“सायेब बी हेच म्हनला म्हनं,” रेणुका म्हणाली.

दादाचा फ्रेमवरचा हात खाली आला. मला त्या पोरीचा राग आला, खरं सांगते. एवढं केलं ह्या माणसानं आणि वर हे. दादाची बाजू घेऊन काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं आणि त्यानं हातानंच मला गप्प केलं. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, वर चढला, फ्रेम खिळ्यावरून सोडवली. फ्रेम जड होती, नामदेव धरायला पुढं झाला तर त्याच्यावर खेकसला. खाली उतरून शर्टाच्या बाहीनं काच पुसली. कम्प्युटर चालू करून रेणुकाला जवळ बोलावलं आणि तिच्यासमोर मूळ फोटोही पुसून टाकला. पुन्हा पुन्हा विचारत होता, कुठंच न्हाई आता, बघून घे, अजून कुठं दिसतो का, बघ.

चहा राहिलाच. गाडीची वेळ झाली होती. रेणुका फ्रेम उचलायला लागली तर तिला पेलेना, तेव्हा दादानं ती घेतली आणि चेहरा स्वतःच्या छातीकडं करून धरली, म्हणजे रस्त्यावर कुणाला दिसू नये. पुढं पोरगी, मागं नामदेव आणि त्याच्याही मागं दादा, असे ते बसस्टँडकडं निघाले. मी स्टुडिओच्या पायरीवरून बघत होते. दादाला मी बघितलं ते शेवटचं. पुढं फोनवर भांडणं झाली, भेट काही झाली नाही.

कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं त्याला हाक मारली. दादा, एवढं कुनाचं घेऊन चालले? एरवी दादानं त्याला दोन शिव्या घातल्या असत्या. तो थांबला, फ्रेम नीट धरली आणि पुढं चाललेल्या पोरीकडं हनुवटीनं दाखवून म्हणाला, “तिचं हाय. तिला देऊन राहिलो.”